काठी एकच होती

ही गोष्ट खरी आहे.

आधीच सांगतो, मी भुतंखेतं मानणाऱ्यातला नाही. आमच्या घरात अंगारेधुपारे आजोबांच्या वेळेपासून बंद आहेत. बायको, वृषाली, सावेडीतल्या एका शाळेत विज्ञान शिकवते. दुसरं कोणी हे सांगत असतं तर मीच त्याची सगळ्यात जास्त टिंगल केली असती.

तारीख १४ जानेवारी २०२३. भोगीचा दिवस.

जागा, पाथर्डी तालुक्यातला एक घाट. खरं नाव कोर्टाच्या कागदांत आहे, इथे देत नाही. आपण सातमोरी म्हणू, कारण रस्त्याखालून पाणी जायला तिथे सात मोऱ्या बांधल्यात.

आणि रात्र नव्हती. दुपारचे पावणेचार वाजले होते. डोक्यावर चांगलं ऊन होतं.

मी सम्राट. रस्त्यांची पाहणी करणाऱ्या एका खाजगी कंपनीत इंजिनिअर होतो. गाड्या कुठे अडकतात, माणसं कुठे मरतात, ते मोजायचं आणि उपाय सुचवायचा, हे माझं काम. सातमोरीत तीन वर्षांत अकरा मेले होते. त्यातले नऊ चौथ्या आणि पाचव्या मोरीच्या मधे.

तो पट्टा अर्ध्या किलोमीटरचा. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला दगडी कठडा, कठड्यापलीकडे साठ फूट दरी. मधोमध आंधळं वळण. दोन मोठ्या गाड्या तिथे एकमेकींना पार करू शकत नाहीत. उसाच्या दिवसांत दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर चालतात. एक वरून घुसतो, एक खालून घुसतो, वळणावर समोरासमोर येतात आणि मागे कोणीच जात नाही. मग तीन-तीन तास सगळं ठप्प.

डिसेंबरच्या पाहणीत मी तिथे एका ड्रायव्हरला दुसऱ्याच्या तोंडावर टॉमी, म्हणजे चाक खोलायची लोखंडी पहार, घालताना पाहिलं. आधी मागं कोण घेणार, एवढ्यावरून. दात रस्त्यावर पडले होते. मी फोटो काढला आणि अहवालाला जोडला. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

रस्ता रुंद व्हायला वेळ लागणार होता. तोपर्यंत काय? मी सुचवलं, दोन्ही टोकांना माणूस उभा करू आणि एका वेळी एकच बाजू सोडू. तीन दिवस करून बघायचं ठरलं.

अडचण एकच होती. दोन्ही टोकं एकमेकांना दिसत नव्हती. डोंगर आडवा असल्याने मोबाईलला रेंज नाही, वॉकीटॉकीतून नुसती खरखर.

त्यावर जुना उपाय आहे. काठी.

बांबूची हातभर काठी, लाल रंगाची. वरून गाड्या सोडल्या की शेवटच्या गाडीवाल्याच्या हातात काठी द्यायची. ती खाली पोचली की खालच्याला कळतं, वाट मोकळी झाली. मग तो त्याच्या गाड्या सोडतो आणि शेवटच्या गाडीबरोबर काठी वर पाठवतो. काठी ज्याच्या हातात, त्याच्याच गाड्या सुटणार. सगळी सुरक्षा एवढ्याच गोष्टीवर असते, की काठी एकच आहे.

वरच्या टोकाला मी उभा राहिलो. खालच्या टोकाला अजिनाथमामा.

मामा घाटमाथ्यावरच्या वस्तीतले. पन्नाशीचे, कोरडवाहू शेती, तोंडात शिवी नाही. स्वतःहून पुढे आले होते. त्यांचा मुलगा करण सव्वा वर्षापूर्वी त्याच वळणावर मोटारसायकलवरून ट्रॉलीखाली गेला होता. त्यांची बायको छबूबाई वरच्या टोकाला चहाची टपरी चालवायची.

"साहेब, पगार नका देऊ," मामा म्हणाले होते. "पर ही येवस्था टिकली पायजे. माजं गेलं ते गेलं. दुसऱ्याचं जाऊ नये."

पहिला दिवस झकास गेला. चहाला टेकायला वेळ मिळाला.

फक्त एक गोष्ट.

दुपारी खालून काठी आली, वाट मोकळी झाली. मी गाड्या सोडायला हात वर केला... आणि वळणाआडून मोटारसायकलचा आवाज आला.

चढाला लागलेली गाडी. गिअर बदलला. जवळ आली...

मी हात तसाच ठेवला.

आवाज वळणापर्यंत आला आणि थांबला. बंद पडल्याचाही आवाज नाही. एकदम काहीच नाही. मी चालत जाऊन बघून आलो. रस्ता रिकामा होता. मागे लोक हॉर्न बडवत होते, एकाने आईवरून शिवी दिली, म्हणून मी गाड्या सोडल्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काम संपवून मामा वर आले. पाणी प्यायले. मग हळूच म्हणाले, "साहेब, काठ्या दोन केल्यात का?"

"नाही. का?"

"न्हाई... मगाशी वळनावर एक जन हुबा हुता. कठड्यापाशी. पाठमोरा. हातात लाल काठी हुती. आन् आपली काठी तर माज्याच हातात हुती."

"वस्तीतलं कार्टं असेल. चेष्टा करत असेल."

"आसंल," मामा म्हणाले. "पर कठड्याच्या आल्याड न्हवता. पल्याड हुता. कमरंपातूर दिसत हुता."

मी हसलो. दिवसभर उन्हात उभं राहिल्यावर कुणालाही काहीबाही दिसतं. पलीकडे साठ फूट दरी आहे, तिथे उभं राहायला जागाच नाही, हे माझ्या डोक्यात रात्री झोपताना आलं. आणि तरी मी कामाच्या माणसासारखाच विचार केला. कोणी खोटी काठी केली असेल तर? गोंधळ व्हायला नको.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी काठीवर काळ्या मार्करने सही केली. खाली तारीख घातली. मामांना दाखवली.

"ही सही असेल तरच गाड्या सोडायच्या. नाहीतर देवाने काठी आणली तरी सोडायच्या नाहीत."

"व्हय साहेब."

माझी चूक ती. थांबवायला हवं होतं, मी सही केली.

तिसरा दिवस. पावणेचार.

वरच्या बाजूला ट्रॅक्टर उभा होता, मागे उसाच्या दोन भरलेल्या ट्रॉल्या. त्याच्या मागे दोन जीपा. सगळ्यांत शेवटी कांदे काढून परतणाऱ्या बायकांचा पिकअप. पुढच्या सीटवर खिडकीशी गोजरबाई बसली होती. साठीची, तोंडाने फटकळ. तीन दिवसांत आमची ओळख झाली होती.

"ओ काठीवाले साहेब, सोडा की लवकर. उद्या संक्रांत हाय. सुगडी घ्यायची राह्यलीत."

"ट्रॅक्टर पुढे जाऊ द्या, मावशी."

"लगीन झालंय का तुमचं?"

"झालंय."

"मंग बायकूला हिकडं आणून हुबी करा. आमच्या बायकांचं लौकर ऐकल ती." मागच्या बायका हसल्या. तिने ओच्यातून मूठभर बोरं काढून माझ्या हातावर ठेवली आणि दुसऱ्या हाताने काठी ओढून घेतली. "द्या ती माज्याकडं. ह्यो डायवर इसरभोळा हाय."

मी सगळ्यांना सोडलं. ट्रॅक्टर, जीपा, पिकअप. काठी गोजरबाईच्या हातात, खिडकीबाहेर लाल टोक. वळणाआड गेली.

खाली पोचायला त्यांना चार-पाच मिनिटं लागायची. मी घड्याळ बघितलं. एक बोर तोंडात टाकलं.

दोन मिनिटं झाली...

वळणाआडून मोटारसायकलचा आवाज आला.

मग आवाज बंद झाला. त्याबरोबर टपरीवरच्या चिमण्याही गप्प झाल्या.

आणि खालून दुसरा आवाज आला. जड गाडीचा. वर येणारा. वेगात.

मी ओरडलो. कोणाला ऐकू जाणार होतं?

लोखंडावर लोखंड आपटलं. एकदा. मग ट्रॉल्या कडाडल्या. मग बायकांचा आवाज... आणि तो मधेच कापला गेला.

मी पळत गेलो. जे पाहिलं ते सांगतो, कारण ते लपवून मला बरं वाटत नाही. रिकामा डंपर ट्रॅक्टरच्या तोंडावर चढला होता. ट्रॅक्टरवाला स्टिअरिंग आणि सीटच्या मधे दोन बोटांच्या जागेत होता. डंपरच्या धक्क्याने ट्रॉल्या मागे ढकलल्या गेल्या होत्या. दोन्ही जीपा कशाबशा डोंगराला चिकटून वाचल्या. मागची ट्रॉली कलंडून पिकअपवर पडली होती. पिकअपचं छत दरवाजापर्यंत दाबलं होतं. ऊस, रक्त, डिझेल. एक बाई उसाखालून ओरडत होती आणि तिचा पाय माझ्या पायापाशी होता.

पाच माणसं गेली. ट्रॅक्टरवाला, पिकअपचा ड्रायव्हर, तीन बायका.

गोजरबाईचा फक्त हात बाहेर होता. मुठीत काठी होती. माझी सही, आजची तारीख.

मी मान वर केली. खालच्या बाजूने मामा धावत येत होते. त्यांच्याही हातात काठी होती. लाल. त्यांनी ती माझ्यासमोर धरली.

माझी सही. आजची तारीख.

मार्करची शेवटची रेघ सकाळी बांबूच्या गाठीवर अडकली होती. त्या रेघेचा तुटका तुकडासुद्धा तसाच होता.

"साहेब, तुमची सही हुती," मामा म्हणत होते. "मी बघितली. बघूनच डंपर सोडला."

"कोणी दिली?"

त्यांनी कठड्याकडे बघितलं. 

"करननं."



"कमरंपातूर त्यो. खाली काय न्हाई. मला आबा म्हनला. गाड्या सोडा म्हनला."

तेवढ्यात शेतांतून माणसं यायला लागली. मेलेल्या बायकांचे नवरे, पोरं, दीर. कोणीतरी विचारलं, गाडी कोणी सोडली? मामांनी खरं सांगितलं. मी सोडली.

त्यांनी मामांच्या हातातली काठी हिसकावली आणि तिनेच त्यांना मारलं. मग दगडांनी. मामांनी हात वर केले नाहीत. डावा डोळा फुटल्याचा आवाज मला आला. मी दहा पावलांवर उभा होतो, साहेब म्हणून सगळे ओळखत होते, आणि मी पुढे झालो नाही.

मी काय केलं ते ऐका.

मी विचार केला. दोन काठ्या. दोन्हींवर माझी सही. पोलीस येतील, विचारतील, इंजिनिअरने दोन काठ्या का केल्या? पाच मुडदे माझ्या नावावर लागतील. एकच काठी असेल तर... तर म्हाताऱ्याने घाई केली.

मी गोजरबाईच्या मुठीतून काठी काढली. सहज निघाली नाही. बोटं एकेक करून उघडावी लागली. शर्टाच्या आत घातली आणि टपरीवर आलो. छबूबाई खाली पळाली होती, टपरीत कोणी नव्हतं. चूल पेटलेली होती. काठी मोडून आत घातली. बांबूच्या गाठी बंदुकीसारख्या फुटल्या.

त्याच कोंडीत अडकून पोलीस दीड तासाने आले. दुसरी काठी त्यांनी मुद्देमाल म्हणून जप्त केली. मामांना अर्धमेल्या अवस्थेत उचललं. निष्काळजीपणाने पाच जणांचा मृत्यू. मी साक्षीदार. माझ्या अहवालात लिहिलं, प्रयोग मानवी चुकीमुळे थांबवावा लागला.

आठ दिवसांनी पोलीस स्टेशनच्या आवारात छबूबाई भेटली. मामांचा डबा घेऊन आली होती. मला वाटलं शिव्या देईल. तिने नमस्कार केला.

"साहेब, एक सांगू का? आमचं मानूस खोटं बोलत न्हाई." पदराने तोंड पुसलं. "करन लगीच गेला न्हवता. कमरंखाली ट्रॉली हुती त्याच्या. पावनेदोन तास जित्ता हुता. अँब्युलन्स वर आडकल्याली, वळनावरनं दिसत हुती तिची बत्ती. गाड्या हालतच न्हवत्या. ह्ये त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसल्यालं. आन् त्यो सारखं येकच म्हनत हुता... आबा, गाड्या सोडा. आबा, गाड्या सोडायला सांगा."

ती आत गेली. मला लाज वाटली. पण मी तिच्या मागे जाऊन खरं सांगितलं नाही. नोकरी होती, फ्लॅटचे हप्ते होते, वृषालीला पाचवा महिना होता. कारणं सगळी खरी होती.

दीड वर्षाने साक्षीची तारीख आली.

मामा आरोपीच्या जागी उभे होते. डावा डोळा बंद, खांदा वाकलेला. छबूबाई मागच्या बाकावर. मुद्देमालाचं पार्सल सगळ्यांसमोर फोडलं. लाखेचं सील होतं. शिपायाने काठी काढून माझ्यासमोर धरली.

"ही सही तुमची?" सरकारी वकिलांनी विचारलं.

"हो."

शिपायाने काठी टेबलावर ठेवली. मग हात बघितला... आणि पँटला पुसला. बोटं लाल झाली होती.

दीड वर्ष सीलबंद होती. रंग ओला होता.

"प्रयोगासाठी अशा काठ्या किती तयार केल्या होत्या?"

हे उत्तर मी घरी आरशासमोर म्हणून बघितलं होतं. एकाच शब्दाचं उत्तर.

"एक," मी म्हणालो.

मी म्हणालो. मला पक्कं आठवतंय.

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या.  न्यायाधीशांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"पुन्हा सांगा. हळू सांगा."

"एक."

टायपिंगचा आवाज सुरू झाला. आणि तो थांबेना. एका शब्दाला किती वेळ लागतो? टायपिस्ट मुलगी टाईप करतच होती. मधे तिने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि चटकन मान खाली घातली.

मामांनी हात जोडले होते. एका डोळ्याने ते माझ्याकडे बघत होते. माझ्या डोळ्यांकडे नाही. तोंडाकडे. गालावरून पाणी वाहत होतं.

छबूबाई बाकावरून उठून उभी राहिली होती. मला ऐकू येईल इतकंच म्हणाली, "बाळा."

"जबाब वाचून घ्या. बरोबर असेल तर सही करा," न्यायाधीश म्हणाले.

कागद हातात आला. मी वाचला.

काठ्या दोन होत्या. एक साहेबांची. एक माझी. साहेबांची साहेबांनी चुलीत घातली. आबांना सोडा.

मी दोनदा वाचलं. कोर्टात तीस-चाळीस माणसं होती. एकही जण म्हणाला नाही की हा माणूस असं बोललाच नाही.

खाली माझं नाव होतं आणि सहीची जागा रिकामी होती.

मी नाही म्हणू शकलो असतो. गोजरबाईची बोटं उघडताना जो आवाज झाला होता तो मला त्या वेळी ऐकू आला. मी पेन घेतलं आणि सही केली.

अजिनाथमामा सुटले. माझ्यावर पुरावा नष्ट केल्याची आणि बाकीची केस चालू आहे. नोकरी गेली. आता सातमोरीचा रस्ता रुंद झालाय, वळण कापलंय, तिथे वर्षभरात कोणी मेलेलं नाही. म्हणजे माझ्या अहवालातल्या शिफारशी बरोबर होत्या.

वृषाली म्हणते, मनावर ओझं असलं की माणूस नकळत खरं बोलून जातो. असेल. पण मी माझ्या वडिलांना पप्पा म्हणतो. मामांना मी मामा म्हणायचो. आबा हा शब्द माझ्या तोंडात कधी नव्हता.

त्या दिवसापासून मी कमी बोलतो. काही बोललोच, तर समोरच्याला विचारून घेतो की मी काय म्हणालो.

हे सगळं लिहून झाल्यावरही मी कागद वृषालीला दिले. मी लिहिलं असं मला वाटतंय, तेच त्यात आहे ना, एवढंच बघायला.

तिने सकाळीच वाचून संपवले. अजून ती माझ्याशी काही बोललेली नाही.